‘स्व’च्या संरक्षणापलीकडे : शस्त्रधारी तिऱ्हाइताचा बलप्रयोग आणि भारतीय दंडविधान

सारांश

हिंसक गुन्हा डोळ्यांसमोर घडत असताना जवळ शस्त्र असलेल्या नागरिकाने बळ केव्हा वापरावे, या प्रश्नाचे उत्तर भारतीय कायदा ‘खाजगी संरक्षणाचा हक्क’ या संकल्पनेतून देतो. हा हक्क स्वतःच्या शरीरापुरता नाही. तो ‘इतर कोणत्याही व्यक्ती’च्या शरीराच्या रक्षणासाठीही दिलेला आहे. मात्र संहितेतील उदाहरणे आणि ‘दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य’ (२०१०) या निकालातील तत्त्वे प्रामुख्याने हल्ला झालेल्या माणसाला समोर ठेवून रचलेली आहेत. त्यामुळे मदतीला धावणाऱ्या तिऱ्हाइताच्या कृतीची कसोटी अस्पष्ट राहते. प्रस्तुत लेखात या उणिवेची चिकित्सा केली असून तिऱ्हाइतासाठी वेगळ्या कसोट्यांची आवश्यकता मांडली आहे.

बीजसंज्ञा : खाजगी संरक्षण, वाजवी धास्ती, तिऱ्हाईत, परवानाधारी शस्त्र, सद्भाव, जमावहिंसा.

१. प्रस्तावना

मराठीत या हक्काला सर्रास ‘स्वसंरक्षणाचा हक्क’ असे म्हटले जाते. वृत्तपत्रे, कथा-कादंबऱ्या, चित्रपट आणि न्यायालयाबाहेरची चर्चा या सर्व ठिकाणी हाच शब्द रूढ आहे. कायद्याच्या अधिकृत परिभाषेत मात्र ‘खाजगी संरक्षण’ असा शब्द येतो. हा फरक केवळ भाषांतराचा नाही. ‘स्वसंरक्षण’ या शब्दातील ‘स्व’ रक्षण कोणाचे करायचे ते सांगतो. ‘खाजगी संरक्षण’ या शब्दातील ‘खाजगी’ रक्षण कोण करतो ते सांगतो. शासनाची यंत्रणा पोहोचू शकत नाही तेव्हा खाजगी व्यक्तीने केलेले संरक्षण, असा त्याचा अर्थ आहे. ते स्वतःचे असू शकते, शेजाऱ्याचे असू शकते किंवा रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचेही असू शकते.

भारतीय दंड संहिता, १८६० च्या कलम ९६ ते १०६ मध्ये या हक्काची मांडणी होती. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहिता, २०२३ मध्ये तीच मांडणी किरकोळ शाब्दिक बदलांसह कलम ३४ ते ४४ मध्ये आली आहे. न्यायनिवाडे आणि भाष्ये जुन्या क्रमांकांवर उभी असल्यामुळे प्रस्तुत लेखात जुनी कलमे वापरून आवश्यक तेथे नवे क्रमांक दिले आहेत.

जुन्या कलम ९७ मध्ये (नवे कलम ३५) ‘स्वतःचे’ आणि ‘इतर कोणाचेही’ शरीर एकाच वाक्यात, एकाच तोलाने आलेले आहे. प्रश्न असा, की एका वाक्यात बसवलेले हे दोन रक्षक खरोखर एकाच कसोटीला उतरतात काय?

२. हक्क दिला, हत्यार काढून घेतले

संहितेचा पहिला मसुदा थॉमस बॅबिंग्टन मेकॉले यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १८३७ मध्ये सादर केला. मसुद्याला जोडलेल्या टिपणांत खाजगी संरक्षणाविषयीची आयोगाची भूमिका स्पष्ट आहे. दरोडेखोरांच्या टोळ्यांचा उपद्रव येथील लोक फार निमूटपणे सोसतात, असे आयोगाचे निरीक्षण होते. म्हणून या हक्कावर निर्बंध वाढवण्यापेक्षा लोकांमधील प्रतिकाराची वृत्ती जागवणे त्यास इष्ट वाटले. या निरीक्षणात साम्राज्यकर्त्यांचा अहंकार आहे, हे उघड आहे. तथापि त्यातून निघालेला हक्क उदार होता. इंग्लंडच्या तत्कालीन कायद्यात विखुरलेली तत्त्वे येथे एकत्र, सुबोध आणि विस्तृत स्वरूपात आली.

ही संहिता १ जानेवारी १८६२ रोजी अंमलात आली. त्यानंतर सोळा वर्षांनी, १८७८ मध्ये, लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत शस्त्र कायदा झाला आणि सामान्य भारतीयाच्या हातून शस्त्र गेले. प्रतिकाराला उत्तेजन देणारी संहिता आणि प्रतिकाराचे साधन काढून घेणारा कायदा एकाच राजवटीत शेजारी शेजारी नांदले. राष्ट्रीय सभेने या कायद्याला आरंभीच्या काळापासून विरोध केला. अहिंसेचे पुरस्कर्ते महात्मा गांधी यांनीही संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र करणाऱ्या या कायद्याचा कठोर शब्दांत निषेध केलेला आहे.

स्वातंत्र्यानंतर आलेल्या शस्त्र अधिनियम, १९५९ ने परवान्याची पद्धत कायम ठेवली. स्वसंरक्षण आणि पीकसंरक्षण या दोन कारणांचा उल्लेख या अधिनियमातच आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीजवळच्या बंदुकांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली. शस्त्र नियम, २०१६ मध्ये सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचीही तरतूद झाली. शस्त्र कोणाला द्यावे, किती द्यावीत आणि ती कशी सांभाळावीत याचा असा तपशीलवार विचार झाला आहे. परंतु ते दुसऱ्याच्या रक्षणासाठी केव्हा उचलावे, हा प्रश्न १८६० च्या शब्दांवरच सोडलेला आहे.

३. उदाहरणांतील ‘क’ आणि ‘य’

संहितेचे एक वैशिष्ट्य म्हणजे तिच्यातील उदाहरणे. कायद्याचे अमूर्त वाक्य प्रत्यक्षात कसे लागू पडते, हे दाखवणारे छोटे प्रसंग मसुदाकारांनी कलमांखाली दिले. ‘क’ आणि ‘य’ अशा नावांच्या माणसांत घडणारे हे प्रसंग कायद्याच्या अर्थाचा अविभाज्य भाग मानले जातात. म्हणून त्यांचे वाचन एखाद्या वाङ्मयीन संहितेप्रमाणे बारकाईने करणे उपयुक्त ठरते.

खाजगी संरक्षणाच्या अकरा कलमांत केवळ तीन उदाहरणे आहेत. पहिल्यात मनोविकल ‘य’ हा ‘क’ला ठार मारू पाहतो. ‘य’ला शिक्षा होऊ शकत नसली, तरी ‘क’चा प्रतिकाराचा हक्क अबाधित राहतो. दुसऱ्यात ‘क’ रात्रीच्या वेळी अशा घरात शिरतो, जेथे शिरण्याचा त्याला कायदेशीर अधिकार आहे. ‘य’ त्याला सद्भावपूर्वक घरफोड्या समजून त्याच्यावर हल्ला करतो. ‘य’ गुन्हेगार ठरत नाही, आणि ‘क’लाही प्रतिकाराचा पूर्ण हक्क आहे. तिसऱ्यात ‘क’वर जमाव प्राणघातक हल्ला करतो. जमावात लहान मुले मिसळलेली आहेत. गोळी झाडल्याशिवाय ‘क’चा बचाव नाही आणि मुलांना धोका पोहोचवल्याशिवाय गोळी झाडता येत नाही. तरीही त्याने गोळी झाडली आणि मुलास इजा झाली तर तो अपराधी नाही.

चौथे संबंधित उदाहरण खुनाच्या व्याख्येखाली, हक्काची मर्यादा ओलांडण्याच्या अपवादात येते. ‘य’ हा ‘क’ला चाबकाने मारू पाहतो. त्यात जबर दुखापतीचा हेतू नाही. ‘क’ पिस्तूल काढतो, ‘य’ थांबत नाही, आणि चाबकाचा मार टाळण्याचा दुसरा उपाय नाही अशा सद्भावपूर्ण समजुतीने ‘क’ त्याला गोळी घालतो. हा खून नाही, पण सदोष मनुष्यवध आहे.

या चारही प्रसंगांत ‘क’ आणि ‘य’ समोरासमोर आहेत. बाजूने येणारा तिसरा माणूस कोठेच नाही. ‘इतर कोणतीही व्यक्ती’ हे शब्द कलमात आहेत, पण त्यांना उदाहरणाचा आधार नाही. ही उणीव विशेषतः दोन ठिकाणी जाणवते. दुसऱ्या उदाहरणात दोन निर्दोष माणसे एकमेकांविरुद्ध कायदेशीर हक्काने उभी राहतात. तेथे एखादा शस्त्रधारी शेजारी आला, तर त्याने कोणाच्या बाजूने उभे राहावे? दोघांनाही हक्क आहे, म्हणून शेजाऱ्याला दोघांविरुद्धही हक्क पोहोचतो, असा विचित्र निष्कर्ष निघू शकतो. तिसऱ्या उदाहरणातील ‘क’ स्वतःच्या प्राणासाठी मुलांचा धोका पत्करतो, आणि तेथे मानवी दुबळेपणाला दिलेली सवलत समजण्यासारखी आहे. परंतु सुरक्षित अंतरावर उभ्या असलेल्या तिऱ्हाइताने तोच धोका मुलांवर लादावा काय, याविषयी संहिता मौन पाळते.

४. ‘दर्शन सिंग’ निकाल : वस्तुस्थिती आणि तत्त्वे यांतील अंतर

सर्वोच्च न्यायालयाने १५ जानेवारी २०१० रोजी दिलेला ‘दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य’ हा निकाल या विषयावरील महत्त्वाचा टप्पा मानला जातो. न्यायमूर्ती दलवीर भंडारी आणि न्यायमूर्ती अशोक कुमार गांगुली यांच्या पीठाने पूर्वीच्या निवाड्यांचा आढावा घेऊन दहा तत्त्वे सांगितली. प्रकरण शेतजमिनीच्या वादातून १९९१ मध्ये घडलेले होते. वडिलांवर धारदार शस्त्राने हल्ला झाल्यावर मुलाने परवान्याच्या बंदुकीतून गोळी झाडली आणि हल्लेखोर मरण पावला. सत्र न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले, उच्च न्यायालयाने दोषी ठरवले आणि सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा मुक्त केले.

दहा तत्त्वांचा गाभा थोडक्यात असा आहे. आत्मरक्षण ही मूलभूत मानवी प्रेरणा आहे. स्वतः निर्माण न केलेल्या आणि अचानक उद्भवलेल्या संकटात सापडलेल्यालाच हा हक्क मिळतो. प्रत्यक्ष गुन्हा घडण्याची वाट पाहावी लागत नाही, वाजवी धास्ती पुरेशी असते. धास्तीबरोबर हक्क सुरू होतो आणि तिच्याबरोबर संपतो. हल्ल्याखाली असलेल्या माणसाने गणिती अचूकतेने बळ मोजावे, अशी अपेक्षा अवास्तव आहे. तरीही बळ गरजेच्या तुलनेत सर्वस्वी विषम असता कामा नये. उरलेली तत्त्वे पुराव्याचा भार, बचाव मांडण्याची रीत आणि प्राणघातक इजेची मुभा यांविषयी आहेत.

निकालाचा परिणाम न्याय्य आहे, याबद्दल शंका नाही. निवाड्यात कलम ९७ चाही विचार झालेला आहे. परंतु प्रकरणाची वस्तुस्थिती आणि तत्त्वांची भाषा यांत एक अंतर राहिले आहे. वस्तुस्थितीत रक्षण वडिलांचे आहे, तर तत्त्वांचा आरंभ आत्मरक्षणाच्या प्रेरणेपासून होतो. शेवटच्या तत्त्वातही स्वतःचा जीव किंवा अवयव धोक्यात असलेली व्यक्ती गृहीत धरली आहे. या प्रकरणात ते अंतर खुपत नाही, कारण मुलगा आणि वडील यांच्यात संकट विभागता येत नाही. मुलाला वाद ठाऊक होता, हल्लेखोर ठाऊक होता, हल्ला त्याच्या डोळ्यांसमोर झाला होता. अनोळखी तिऱ्हाइताबाबत यांपैकी एकही गोष्ट गृहीत धरता येत नाही.

पाचव्या तत्त्वाकडे या दृष्टीने पाहणे आवश्यक आहे. बळाचे मोजमाप सोन्याच्या काट्यावर करू नये, ही सवलत हल्ल्याखालील माणसाला त्याच्या अगतिकतेमुळे मिळते. त्याने तो प्रसंग निवडलेला नसतो. तिऱ्हाईत मात्र निवड करतो. तो पुढे जाऊ शकतो, थांबू शकतो, पोलिसांना कळवू शकतो, आरडाओरडा करून माणसे जमवू शकतो. ही निवड बहुधा क्षणार्धाची असते आणि पुष्कळदा उदात्त असते, पण ती निवड असते. तिला अगतिकतेची सवलत जशीच्या तशी लावणे तर्काला धरून नाही.

याउलट एका बाबतीत तिऱ्हाइताला अधिक मोकळीक हवी. ‘योगेंद्र मोरारजी विरुद्ध गुजरात राज्य’ (१९८०) या निवाड्यात, सुरक्षितपणे माघार घेण्याचा मार्ग उपलब्ध नसणे ही प्राणघातक प्रतिकाराची एक अट म्हणून सांगितली गेली. या अटीवर टीका झाली आहे. तिऱ्हाइताच्या बाबतीत तर ती निरर्थकच ठरते. त्याला माघारीचा मार्ग जवळजवळ नेहमीच मोकळा असतो, परंतु त्याने तो घेतला तर मरतो तो दुसरा. तेथे विचारायचा प्रश्न ‘तो पळू शकला असता काय’ हा नसून ‘बळी पडणाऱ्याला अन्य मार्गाने वाचवता आले असते काय’ हा आहे.

५. धास्तीचा उगम

तिऱ्हाइताच्या प्रश्नाचा खरा भार ‘वाजवी धास्ती’ या दोन शब्दांवर येतो. हल्ला झालेल्या माणसाची धास्ती त्याच्या अंगावर आलेली असते. तिऱ्हाइताची धास्ती पाहिलेल्या किंवा ऐकलेल्या गोष्टीतून तयार होते. त्यामुळे तिच्यात चुकीला अधिक वाव असतो.

न्यूयॉर्कमधील ‘पीपल विरुद्ध यंग’ (१९६२) हे प्रकरण या संदर्भात प्रसिद्ध आहे. साध्या वेशातील दोन पोलीस अधिकारी एका तरुणाला अटक करत होते. मारहाण चालली आहे असे समजून एक वाटसरू मध्ये पडला आणि त्यात एक अधिकारी जखमी झाला. मध्ये पडणारा ज्याला वाचवतो त्याच्याच जागी उभा राहतो, आणि त्या तरुणाला प्रतिकाराचा हक्क नव्हता म्हणून वाटसरूलाही नाही, असे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. पुढे त्या राज्याने दंडविधान बदलून वाजवी समजुतीला स्थान दिले. भारतीय संहितेत याचे उत्तर १८६० पासूनच होते. कलम ९९ च्या स्पष्टीकरणानुसार, समोरची व्यक्ती लोकसेवक आहे हे ठाऊक नसेल आणि तसे मानण्यास कारणही नसेल, तर हक्क हिरावला जात नाही. कलम ७९ (नवे कलम १७) वस्तुस्थितीविषयीच्या सद्भावपूर्ण चुकीला संरक्षण देते. प्रामाणिक मदतनीसाच्या बाबतीत भारतीय कायदा अशा रीतीने अधिक उदार आहे.

परंतु याच उदारतेची दुसरी बाजू महाराष्ट्राने पाहिली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी असल्याच्या संशयावरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना ठार केले. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे अशाच अफवांच्या वातावरणात दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांचा बळी गेला. या जमावांजवळ परवान्याची शस्त्रे नव्हती, काठ्या आणि दगड होते. तरीही या घटना प्रस्तुत विषयाच्या केंद्राशी येतात, कारण त्यांतील समर्थनाची भाषा दुसऱ्याच्या संरक्षणाचीच होती. कलम १०० नुसार (नवे कलम ३८) अपनयनाच्या किंवा अपहरणाच्या हेतूने होणाऱ्या हल्ल्याविरुद्ध प्राण घेण्यापर्यंत हक्क पोहोचतो. ‘मुले वाचवण्यासाठी’ असे म्हणणाऱ्याला ही तरतूद वरकरणी अनुकूल दिसते. तिला अडवणारे शब्द दोनच आहेत : ‘हल्ला’ आणि ‘वाजवी’. राईनपाड्यात हल्ला झालेलाच नव्हता. होती ती भ्रमणध्वनीवरून आलेली अफवा आणि अनोळखी, गरीब, भटक्या माणसांविषयीचा जुना संशय. शिवाय ती माणसे ताब्यात आल्यावर पोलिसांना बोलावण्यास अवधी होता, आणि असा अवधी असताना हक्क राहत नाही, हे कलम ९९ मध्येच आहे.

येथे धास्तीच्या उगमाचा प्रश्न सामाजिक होतो. कोणाला पाहून कोणाला धास्ती वाटते, हे जात, भाषा, पेहराव आणि भटकेपण यांवर अवलंबून असते. हल्ल्याखालील माणसाला हा पूर्वग्रह बाळगायलाही उसंत नसते. तिऱ्हाइताला मात्र असते. म्हणून त्याच्या धास्तीची वाजवीता तपासताना ‘समाजातील अनेकांना असेच वाटले असते’ हा युक्तिवाद पुरेसा मानता येत नाही.

६. अचूक निर्णयाचीही जोखीम

तिऱ्हाइताचा निर्णय बरोबर असला, तरी प्रश्न संपत नाही. २१ जून २०२१ रोजी अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात आर्वाडा येथे एका बंदूकधाऱ्याने पोलीस अधिकाऱ्याची हत्या केली. जवळच्या दुकानात असलेल्या एका नागरिकाने आपल्या पिस्तुलातून हल्लेखोरास गोळ्या घालून रोखले. त्यानंतर त्याने हल्लेखोराची रायफल उचलली, आणि तेथे पोहोचलेल्या दुसऱ्या पोलीस अधिकाऱ्याने त्यालाच हल्लेखोर समजून ठार केले. त्या अधिकाऱ्यावर खटला भरला गेला नाही. संहितेच्या दुसऱ्या उदाहरणातील ‘क’ आणि ‘य’ यांची कोंडी येथे प्रत्यक्षात उतरलेली दिसते. शस्त्र हाती असलेल्या नागरिकाचा हेतू नंतर येणाऱ्याला दिसत नाही, त्याला फक्त शस्त्र दिसते.

हक्काचा शेवट कोठे होतो, याबाबत न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी लिहिलेला ‘जय देव विरुद्ध पंजाब राज्य’ (१९६३) हा निवाडा आजही मार्गदर्शक आहे. शेतावर चाल करून आलेल्या जमावाविरुद्ध बंदूकधाऱ्यांना आरंभी हक्क होता. जमाव पळू लागल्यानंतर दूरवरच्या माणसांवर झाडलेल्या गोळ्यांना मात्र न्यायालयाने संरक्षण दिले नाही. संकट टळताच हक्क संपतो, त्यानंतरचे बळ ही शिक्षा असते आणि शिक्षेचा अधिकार खाजगी व्यक्तीला नाही.

७. समारोप

वरील विवेचनातून तिऱ्हाइताच्या सशस्त्र हस्तक्षेपासाठी चार कसोट्या सुचवता येतात. पहिली, ज्ञानाची : प्राणघातक हल्ला चालू आहे किंवा होऊ घातला आहे, हे त्याने स्वतः पाहिले होते काय? ऐकीव माहिती मदत मागण्यास पुरेशी असेल, गोळी झाडण्यास नाही. दुसरी, निकडीची : सौम्य उपायाने किंवा पोलिसांच्या येण्याने बळी वाचला असता काय? तिसरी, जोखमीची : निरपराध्यांना धोका पोहोचवण्याची कलम १०६ मधील मुभा (नवे कलम ४४) तिऱ्हाइताला मर्यादित अर्थानेच मिळावी. चौथी, शेवटाची : हल्ला थांबताच त्याने शस्त्र खाली घेतले काय?

या कसोट्यांवर एक गंभीर आक्षेप संभवतो. त्यांच्या धाकाने कोणी मदतीलाच जाणार नाही आणि १८३७ च्या आयोगाला खटकलेला निमूटपणा बळावेल, असे म्हणता येईल. भर रस्त्यात हल्ला होत असताना बघ्यांची गर्दी स्तब्ध उभी राहते, हे दृश्य भारतीय शहरांना अपरिचित नाही. ॲसिडहल्ल्यासारखा गुन्हा काही क्षणांत घडतो. २०१३ च्या दुरुस्तीने त्याचा समावेश कलम १०० मध्ये झाला, तो याच निकडीमुळे. तथापि सुचवलेल्या कसोट्या परिणामाची अचूकता मागत नाहीत. त्या पाहण्याची, थांबून विचारण्याची आणि वेळीच थांबण्याची जबाबदारी मागतात. डोळ्यांनी पाहून प्रामाणिकपणे चुकलेल्या मदतनीसाला कलम ७९ चे संरक्षण राहतेच. त्यातून वगळला जातो तो अफवेवर विसंबणारा आणि संकट टळल्यावरही मारत राहणारा.

कायदा तिऱ्हाइतावर शस्त्र उचलण्याचे बंधन घालत नाही. गंभीर गुन्ह्यांची माहिती देण्याचे बंधन मात्र फौजदारी प्रक्रिया संहितेने घातले होते आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ ने ते कायम ठेवले आहे. कळवणे हे कर्तव्य आणि बळ हा अपवादात्मक हक्क, हा क्रम कायद्यातच आहे. नवी संहिता तयार होत असताना उदाहरणांत एका तिसऱ्या माणसाची भर घालण्याची संधी होती, ती घेतली गेली नाही. पुढील दुरुस्तीत ती घेतली जावी. तोपर्यंत ‘इतर कोणतीही व्यक्ती’ या शब्दांचा अर्थ लावण्याचे काम न्यायालयांकडेच राहते. तो लावताना वडिलांना वाचवणारा मुलगा आणि राईनपाड्याचा जमाव या दोघांतील अंतर स्पष्ट दिसेल, अशी कसोटी आवश्यक आहे.